काळा दगड, चुनखडीचा

पुण्याकडे वाढलेल्या माणसाला दगड म्हणजे काळाच. किल्ला काळा, पाटा काळा, देवही काळाच. त्यामुळे वेस्ट टेक्ससमधल्या ग्वाडालूप डोंगराच्या पायथ्याशी काळा थर दिसला, तशी मी नकाशावर ठोकून दिलं: बेसॉल्ट, आपला लाव्हाचा काळा कातळ. आधी ॲसिडचा थेंब टाकायचा, चुनखडक असला तर फसफसतो, हे भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पण म्हटलं, बेसॉल्ट काय मला शिकवता!

आमच्या प्रोफेसरबाईंनी थेंब टाकला. फस्सकन फेस आला. अख्खा डोंगरच चुनखडीचा. कधीकाळी समुद्रात इवल्या जिवांनी रचलेली भिंत, आज वाळवंटात उभी. पिस्कॅटवेच्या विद्यापीठातून आलेला आमचा सगळा ग्रुप खिदळला. बाई हसल्या नाहीत. "उद्यापासून तू कॅम्पवर थांब, सॅम्पलना लेबलं लाव. कड्याचा नकाशा दुसरं कुणी करेल," म्हणाल्या. माझा थीसिसच त्या कड्यावर होता.

"सॉरी म्हण यार, आणि लाव ना गप," नागपूरचा बॅचमेट म्हणाला. मी कसली लावते! चूक केली, कबूल. म्हणून काय डोंगर सोडू? अमेरिकी घोडदळ मागे लागलं तेव्हा इथल्या मूळच्या अपाचे लोकांनी याच घळींमध्ये तग धरला होता. पायथ्याला झऱ्याचं पाणी, वर आसरा. 'निघा इथून' म्हणणारे या डोंगरानं पुष्कळ पाहिलेत.

सकाळी ॲसिडची बाटली घेऊन मी सगळ्यांबरोबर निघाले. "मी येतेय," बाईंना सांगितलं, विचारलं नाही. त्या पुढे चालू लागल्या. मग दिसेल त्या दगडावर थेंब टाकत सुटले. दुपारी कड्यातला एक करडा पट्टा फसफसेचना. बाईंच्या जुन्या नकाशावर तिथे चुनखडक होता. मी सुरीनं खरवडलं, भुकटीवर थेंब टाकला, तेव्हा कुठे चार बुडबुडे आले. म्हणजे हा डोलोमाइट. चुनखडकाचा भाऊच, पण दगड वेगळा.

"हे चुकलंय," मी त्यांच्या नकाशावर बोट ठेवलं.

बाई गुडघ्यांवर बसल्या. स्वतः खरवडलं, थेंब टाकला. मग आपल्या नकाशावर दुरुस्ती केली आणि माझा बेसॉल्ट पुसायला खोडरबर पुढे केलं.

"नको," मी म्हटलं. बेसॉल्टवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी चुनखडक लिहिलं. "कडा मीच करणार."

"मग थांबलीस काय?" बाई म्हणाल्या. "चल, ऊन उतरतंय."