चिंचपोकळीहून आलेली हाक

समुद्रात कोणी संकटात सापडलं की आमच्या ऑफिसात घंटा वाजते. मग आम्ही जवळची जहाजं तिकडे वळवतो, बोटी सोडतो, हेलिकॉप्टर उठवतो आणि स्वतः एसीत बसून राहतो. शोध आणि बचाव समन्वय अधिकारी असं माझं भारदस्त पद आहे. परळच्या आमच्या बिल्डिंगीत ते कोणाच्या जिभेला झेपत नाही. तिथे मी ‘बुडत्यांच्या ऑफिसातल्या बाई’ आहे.

एका दुपारी घंटा वाजली, पडद्यावर ठिपका उमटला आणि मी चष्मा काढून पुसला. ठिपका अरबी समुद्रात नव्हताच. तो चिंचपोकळी स्टेशनजवळ, चाळींच्या दाटीत होता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारलं, लालबागला आज भरती किती वाजता आहे?

संकेत पाठवणारं हे यंत्र म्हणजे बीकन. बाटलीएवढं, नारिंगी. बोट बुडाली की ते उपग्रहाला हाका मारत राहतं. प्रत्येक बीकनच्या मालकाची आमच्याकडे नोंद असते, म्हणून आधी मालकाला फोन लावला. तो म्हणाला, ते ज्या टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर होतं, ती केव्हाच मोडीत निघाली, यंत्र तिच्यावरच्या एका खलाशाने आठवण म्हणून घरी नेलं असणार. त्याने पत्ताही दिला. एरवी अशा वेळी आम्ही पोलिसांना कळवतो. पण माझी ड्यूटी संपत आली होती, ती चाळ माझ्या घराच्या वाटेवर होती, आणि संकटाच्या जागी चपला घालून चालत जाण्याचा योग आमच्या नोकरीत कुठला? साहेबांनी हो म्हटलं. सहकाऱ्याने लाइफ जॅकेट पुढे केलं.

दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. मांडीवर टॉवेल, टॉवेलात बीकन, आणि त्याचा दिवा जोरजोरात लुकलुकतोय.

“कोण गो तू?”

मी सांगितलं, समुद्रात वाचवणाऱ्यांच्या ऑफिसातून आले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पर्सकडे, मग चपलांकडे.

“इतक्या उशिरान? बुडलेलो माणूस इतक्यात तळाक गेलो असतो.”

मी खरं तर झापायला गेले होते. पण आई गेल्यापासून मला कोणी ‘गो’ म्हटलं नव्हतं. मी उंबऱ्यावरच बसले आणि आधी बीकन बंद केलं.

तो खलाशी म्हणजे तिचा मुलगा. आता तो मोठ्या मालवाहू जहाजावर होता. जायच्या आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं. ही खोली विकून विरारला मोठं घर घेऊ, असं त्याचं म्हणणं, आणि मी मेल्यावर काय ते घ्या, असं हिचं. तो बॅग उचलून गेला तो गेलाच. एक फोन नाही. कंपनीचे लोक जहाज सुखरूप आहे म्हणत, पण हिने मनात पक्कं केलं होतं की जहाज बुडालंय आणि सगळे मिळून लपवताहेत. त्यानेच कधीतरी तिला सांगितलं होतं की हे बटण दाबलं की दर्यावरची माणसं धावून येतात. म्हणून तिने ते दाबलं.

मी कर्तव्य म्हणून भाषण केलं. खोट्या हाकेपायी खऱ्या बुडणाऱ्याची मदत कशी अडते वगैरे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ता सगळा ऱ्हवांदे. माझो झील खंय आसा?”

जहाजाचं नाव तिला पाठ होतं. मी मोबाइलवर शोधलं. निळ्या पडद्यावर एक बारीकसा बाण आफ्रिकेच्या दिशेने सरकत होता. तिला काही तो दिसेना. मग मी गॅलरीत उभी राहिले आणि हात लांब करून दाखवलं. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिलाय, त्याच्या डाव्या खांद्यावरून सरळ पुढे. ती उठली, खुर्ची फरफटत वळवली आणि तिकडे तोंड करून बसली.

आता त्याला फोन करायला सांग, म्हणाली. भर वादळात परक्या देशाचं जहाज मी वळवू शकते, पण रुसलेल्या मुलाला वळवण्याचा अधिकार मला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. मात्र बीकनची चौकशी करायचा आहे. दुसऱ्या दिवशी कंपनीमार्फत त्याला रीतसर विचारलं, यंत्र तुम्ही घरी ठेवलं होतं का? उत्तर आलं: हो, माझी चूक. आईला काही झालंय का?

‘सर्व ठीक’ असं कळवून मी प्रकरण मिटवू शकले असते. मी लिहिलं, “बटण आईने दाबलं. का, ते घरी विचारावं.”

त्याने काही लगेच विचारलं नाही. रोज दुपारी फोन वाजायचा तो माझा. नंबर तिने पहिल्याच दिवशी शेजारणीकडून आपल्या फोनमध्ये घालून घेतला होता.

“आज खंय?”

टॉवरच्या डावीकडेच, पण कालच्यापेक्षा जरा खाली, असं मी सांगायची. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. मग मी जेवले का, डबा कोण करतं, नवरा काही कामाचा आहे की नाही, अशी माझी चौकशी. सहकाऱ्याने तिला ‘टॉवरवाली केस’ असं नाव दिलं. एरवी ड्यूटीवर मी फोन पालथा ठेवते, पण दुपार झाली की ते विसरू लागले.

मग एके दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी लावला तर सतत व्यस्त. हाक थांबली की आम्ही आधी वाईट धरून चालतो, म्हणून ऑफिस सुटल्यावर तशीच चिंचपोकळीला गेले. जहाज आदल्या दिवशीच आफ्रिकेतल्या मोंबासा बंदराला लागलं होतं, आणि ते हातवारे करून कसं सांगायचं याची तालीम मी वाटभर करत होते.

जिन्यातच आवाज ऐकू आला. मी घाबरून दोन पायऱ्या एकदम चढले.

“माका विरार शिकव नको. पाणी येता काय थंय? किती वाजता येता?”

फोन कानाला दाबून ती घरभर फिरत होती, भांडत होती, आणि पलीकडचाही तितक्याच जोरात भांडत असावा. गॅलरीतल्या खुर्चीवर कोणीतरी उशा उन्हात टाकल्या होत्या. मी दारात दिसले तशी तिने तळहात दाखवला: आता नको, मगे ये. आणि पाठ फिरवून पुन्हा पाण्याच्या वेळेवर गेली. मी थोडा वेळ थांबले, मग जिना उतरले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, जहाज मोंबासाला पोचलं. कुठलं जहाज, म्हणाला. मी हात लांब करून दिशा दाखवली. त्याने मान वळवून तिकडे पाहिलं. तिकडे आमचा फ्रिज आहे.