रुईच्या पानाची परीक्षा

आष्टीच्या राजनंदिनी सिस्टरला पुराव्याशिवाय घास गिळवत नाही. नर्सिंग शिकताना ती औषधांच्या चाचण्या पारखायला शिकली, आणि घरातली शांतता गेली ती गेलीच.

सासू गोजरबाई दुखऱ्या गुडघ्यांना रुईची गरम पानं बांधायच्या. सिस्टरनं मोबाईलवर रुईच्या चाचण्या हुडकून काढल्या आणि एकेक मोडीत काढली. एकीत पानं कुणाला बांधायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलंच नव्हतं. दुसरीत पानं बांधणाराच दुखणं मोजायला बसला होता.

"असं मोजलं तर शेणबी सोनं ठरंल!" सिस्टर कडाडली.

मग तिनं घरातच चाचणी मांडली. एका गुडघ्याला रुई, दुसऱ्याला केळीचं गरम पान, वरून सारख्याच पट्ट्या. कुठल्या गुडघ्याला काय, हे गोजरबाईंना आणि सिस्टरला कळता कामा नये, म्हणून पानं बांधायचं काम शेजारच्या सरदारबीकडं. बांधताना गोजरबाईंच्या डोळ्यांवर फडकं.

पंधरवड्यात दोन्ही गुडघे सारखेच हलके झाले. सिस्टरनं टाळी वाजवली. "बघा, रुई न् केळ बराबर! रुईत दम न्हाई!"

सरदारबी पदराआड हसली. "केळ कुठली? तुमच्या सासूनं पहिल्याच दिवशी दोन्हीला रुई बांधाय लावली."

"आत्याबाई!" सिस्टर किंचाळली. "पुरी चाचणी बुडवली तुम्ही!"

गोजरबाईंनी पाय पोटाशी घेतले. "दोन सुना असत्या तरी एकीला लुगडं न् दुसरीला चिंधी दिली नसती म्या. हे तर माझे गुडघे हायेत!"