टॉवेलाखालचा पगार

आमच्या वॉर्डात नवीन पोरगी लागली की मी तिला आधी पगार विचारते. नाव मागाहून. पोरी लाजतात, "पुरेसा आहे, सिस्टर," म्हणतात. पुरेसा म्हणजे किती गं बाई? आकडा सांगायला काय जीभ झडते? मग मीच माझ्या पहिल्या पगाराची गोष्ट सांगते. पोरी पोट धरून हसतात. हसू देत, आता मलाही हसूच येतं. त्या दिवशी मात्र सांगलीच्या भर रस्त्यात मी आमच्या आबांच्या अंगावर ओरडले होते.

आमचं गाव कोरेगावजवळ. आबा, म्हणजे माझे वडील, हेडी. जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभा राहून सौदा जमवून देतो तो हेडी. त्यांचा सौदा तोंडानं होत नाही. खांद्यावरचा टॉवेल आपल्या आणि समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव करायचा. भोवती गावाची जत्रा लोटलेली असली तरी आकडा कळतो तो त्या दोघांनाच. सौदा मोडला तरी चारचौघांत कुणाची शोभा होत नाही. आबांचं उभं आयुष्य त्या टॉवेलाखाली गेलं, आणि आम्ही त्यावरच वाढलो.

मी दोन वर्षं सांगलीत राहून एएनएम केलं. परीक्षा झाली, कौन्सिलची नोंदणी हातात आली, आता मी कायद्यानं नर्स होते. गावात पेढे वाटले तर जो तो एकच विचारी, "सरकारी हाय का?" नाही म्हटलं की पेढा तोंडात टाकून माणूस पुढं चालू लागे. जणू खाजगी दवाखान्यातले पेशंट मातीचे असतात.

आईनं तर माझं सगळं ठरवूनच टाकलं होतं. औंधकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा मिलिटरीत, ऊस, विहीर, सगळं जिथल्या तिथं. मुलगा वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? पण त्याची आई म्हणाली होती, "नोकरी कशाला? घरात काय कमी हाय?" आमची आई तिथंच विरघळली. मी चिडले. दोन वर्षं मी काय सासूचं बीपी बघायला शिकले? घरात तीन दिवस भांडी आपटली. शेवटी आईनं अट घातली. "धा हजार देत असतील तर ऱ्हा सांगलीत. एक रुपाया कमी असला तर गुमान माघारी यायचं. सात-आठ हजारांपायी परक्या गावात पोरगी ठेवायची मला हौस न्हाई."

आबा भाकरी खात होते. त्यांनी मान वर केली नाही, की हो-नाही काही म्हटलं नाही. मला त्यांचा लय राग आला.

मुलाखतीला मात्र ते माझ्याबरोबर आले. धुतलेला नेहरू शर्ट, टोपी आणि खांद्यावर टॉवेल. एसटीत सगळी वाट मला एकच शिकवत होते. "आकडा आपुन पयल्यांदा काढायचा न्हाई. समोरचा बोलंल तवा गप बसायचं. गप बसलं की त्यो आपसूक वर चढतो."

"आबा, दवाखाना आहे तो, बाजार नाही."

"माणसं तीच की गं," आबा म्हणाले.

दवाखाना मध्यमच होता, वीस-पंचवीस खाटांचा. केबिनमध्ये डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी थोरल्या सिस्टर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नाकावर चष्मा. कुंडलच्या शेतकऱ्याघरच्या आहेत हे मला मागाहून कळलं. आबा बाहेर बाकावर बसले. डॉक्टरांनी माझी कागदपत्रं पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले, ते बरे गेले. मग म्हणाले, "पगाराची काय अपेक्षा?"

मी गप्प.

"नवीन मुलींना आम्ही सात देतो. शिकाऊ म्हणून."

आबांचं ऐकून मी आणखी थोडा वेळ गप्प बसले असते तर? पण 'शिकाऊ' हा शब्द माझ्या डोक्यात गेला. आमच्या तोंडाला मुळात कुलूप नाहीच. "शिकून झालंय म्हणून तर नोंदणी मिळाली, सर. आणि सातात खोलीचं भाडं आणि डबा होतो. अंगाला लावायचा साबण काय घरून आणू?"

थोरल्या सिस्टरांनी तोंडावर हात धरला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "ठीक आहे, कळवतो," म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. मी उठले, बाहेर आले, आणि आबांपुढं उभी राहिले तोवर माझे डोळे भरून आले होते. डोळ्यांसमोर ऊस, विहीर आणि सासूचं बीपी दिसायला लागलं.

"तोंड उघाडलंस न्हवं?" आबा म्हणाले.

मी मान हलवली. आबा उठले आणि मी अडवायच्या आत सरळ केबिनमध्ये शिरले. मी मागं धावले. डॉक्टर काहीतरी लिहीत होते. आबांनी रामराम घातला, टेबलावरचा त्यांचा हात उचलला आणि त्यावर टॉवेल टाकला!

अगं आई गं. धरणी दुभंगती तर मी त्यात उडी मारली असती. "अहो, हे काय करताय?" म्हणत डॉक्टर हात सोडवू बघतायत आणि आबा आपले शांतपणे आत बोटं चाचपतायत. वीस-तीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला असणार.

तेवढ्यात थोरल्या सिस्टरांना असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आवं मामा," त्या म्हणाल्या, "सायबांना न्हाई येत ते. माझ्या वडलांना बैलांचं येड हुतं, बाजारात संगं न्यायचे, मला येतं. आना इकडं हात." आणि डॉक्टरांकडं वळून म्हणाल्या, "सर, वॉर्ड मला चालवायचाय. ठरवू का मीच?"

डॉक्टरांना एकदाचा आपला हात परत मिळाला होता. "ठरवा बाई, तुम्हीच ठरवा," म्हणत ते ओपीडीकडं गेले.

आबा जरासे बावरले. परक्या बाईचा हात असा कधी धरला नव्हता त्यांनी. पण सिस्टरांनीच टॉवेल ओढून घेतला. मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. टॉवेल थोडा हलला. आबांच्या कपाळाला आठी पडली. टॉवेल पुन्हा हलला, पुन्हा थांबला. आबांनी सिस्टरांकडं असं बघितलं की मला वाटलं, मोडलं. आणि सिस्टर म्हणाल्या, "ठरलं. सकाळी आठला ये गं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "किती?"

आबा चालतच राहिले.

"आबा, किती ठरलं?"

"चल, च्या घिऊ," आबा म्हणाले.

मग माझा तोल गेला. रिक्षावाले, नारळवाला, सगळ्यांच्या देखत मी ओरडले, "मी काय म्हैस आहे का? म्हशीला सांगत नाहीत, मला तरी सांगा! राबणार मी, आणि आकडा तुमच्या दोघांच्या टॉवेलात?"

आबा थांबले. दवाखान्याच्या पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचा चेहरा बघून माझा आवाज आपोआप खाली आला.

"मी धा मागितलं," ते म्हणाले. "पंजा दोनदा दाबला. तुझी आई धा म्हनली हुती, तू ऱ्हावीस म्हनून धाच मागितलं."

"मग? नाही म्हणाल्या?"

"न्हाई गं. बाईनं दोन पंजे दाबलं आन वर एक बोट धरलं. मला वाटलं चुकलं बाईचं. मी पुन्यांदा धा दाबलं. तिनं पुन्यांदा अकराच. बारीक आवाजात म्हनली, मामा, नोंदणीवाली पोरगी हाय, धात घालवू नका." आबांनी टॉवेलानं तोंड पुसलं. "इतकी वर्सं बाजार केला, पर गिऱ्हाईकानं भाव वाढिवल्याला कवा बघितला न्हाई. मी कमी मागितलं गं तुझं. आन त्ये बी माझ्याच पोरीचं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. भाकरी खाताना खाली घातलेली ती मान म्हणजे 'ऱ्हा' असं होतं, आणि मी उगाच त्यांच्यावर फुगून बसले होते. त्यांच्या दंडाला धरून मी हसायलाच लागले आणि हसता हसता रडले. नारळवाला बिचारा, न विचारता पाण्याचा ग्लास घेऊन आला.

"आईला काय सांगू?" आबांनी विचारलं.

"तुम्ही मागितलं तेवढंच सांगा," मी म्हटलं. "वरचा हजार माझा."

आबांना ते फार आवडलं. त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आईनं 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. "किती?"

"धा," आबा म्हणाले.

फोन कट झाला असं वाटून आबा तो डोळ्यांजवळ धरून बघायला लागले. तेवढ्यात आईनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं," आई म्हणाली. "मग तिची गादी कुठल्या गाडीत टाकू?"