गाळी नसलेली रेकॉर्ड

कोरीटच्या रुक्मिणीबाईने जन्मभर लोकांना शिव्या घातल्या आणि लोकांनी त्याबद्दल तिला पाटावर बसवून बुंदीचे लाडू वाढले. असं भाग्य आमदारालाही लाभत नाही. त्याचा प्रकार उलटा असतो.

तापीकाठच्या त्या गावांत रीतच होती. लग्नात वऱ्हाडाची पंगत बसली, की मुलीकडच्या बायांनी गाण्यातून व्याह्यांना गाळी द्यायच्या. व्याह्याच्या मिशा, विहिणीचा हावरटपणा, नवरदेवाच्या काकाचं पोट, कशाचीही गय करायची नाही. गाळी जितकी झोंबेल तितका मान मोठा. नाव घेऊन गाळी मिळालेला व्याही वर्षभर ती चारचौघांत सांगत फिरायचा आणि ज्याचं नाव राहून जायचं तो घरी जाऊन बायकोवर चिडायचा.

रुक्मिणीबाईची सुरुवात तर स्वतःच्याच लग्नात झाली. तिच्या माहेरच्या बायांनी तिच्या सासऱ्याला दिलेली गाळी इतकी पुळचट होती, की डोक्यावरून पदर घेतलेल्या नवरीला शरम वाटली. तिने शेजारच्या मावशीच्या कानात एक ओळ सांगितली. मावशीने ती गायली आणि मांडव हसून लोळला. सासरा खूश झाला. नवरदेव लोटन मात्र पदराकडे टक लावून हसत राहिला, कारण त्या ओळीत त्याचाही कान धरला होता. पुढे जन्मभर तो हेच करत आला. ती रचायची, तो ऐकून हसायचा, आणि हसला म्हणून ती त्याला आणखी चार शब्द सुनावायची.

या गाण्यांची पद्धत अशी, की एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. सांगणारी रुक्मिणीबाई, आणि झेलणाऱ्यांत पुढे मीनाबाई. मीनाबाई खापर गावची लेक, कोरीटला शेजारच्या घरात दिलेली. रुक्मिणीबाईचा श्वास कुठे संपतो हे तिला स्वतःच्या नवऱ्याच्या श्वासापेक्षा जास्त ठाऊक होतं. ओळ जमिनीवर पडायच्या आत ती उचलायची. दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी एकमेकींना एकदाही बरं म्हणाल्या नाहीत. तशी गरज पडली नव्हती.

मग लोटन गेला. आणि मग, सन बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला, मुंबईचा रेकॉर्डवाला साहेब आला.

साहेबाला लोकगीतं हवी होती. नंदुरबारात कुणीतरी त्याला एका लग्नाला नेलं. तिथे रुक्मिणीबाईने त्याच्या टायवर गाळी रचून त्याच्या तोंडावर म्हटली. साहेब इतका हरखला, की त्याने तिथल्या तिथे सांगितलं, बाईंची रेकॉर्ड काढायची. फक्त दोन बारीकशा अटी होत्या. एक, गाळी नकोत, शहरातल्या घरांत चालत नाहीत. दुसरी, बाकीच्या बाया नकोत, गलका होतो. म्हणजे मिरची आणि मीठ वगळून ठेचा हवा होता.

रुक्मिणीबाईने नाही म्हणायला हवं होतं. ती हो म्हणाली. जन्मभर तिची गाणी दहा तोंडांतून बाहेर पडली होती. कुठलं कुणी रचलं हे मांडव उतरला की संपायचं. एकदा तरी फक्त आपलाच आवाज कुणीतरी ऐकावा असं तिला मनातून वाटायचं, आणि त्यात काही पाप नव्हतं. शिवाय तिच्यापाशी एक गाणं होतं. लोटन गेल्यावर कापूस वेचताना रचलेलं, कुणाला न सांगितलेलं.

मीनाबाईला तिने सांगितलं, "साहेब म्हणस, एकलीनं यावं."

"मंग जा," मीनाबाई म्हणाली, आणि पुढे महिनोन्महिने काही म्हणालीच नाही.

सोबत गेला भटू. भटूकडे गावातला एकमेव लाऊडस्पीकर होता, त्यामुळे संगीतातलं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत होती आणि कर्णा त्याच्या हातात असल्यामुळे ती कुणाला खोडता येत नव्हती.

मुंबईला एका भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत रुक्मिणीबाईला उभं केलं. समोर मायक्रोफोन, बाजूला एक पेटीवाला आणि एक ढोलकीवाला. तिने ओळ सांगितली आणि सवयीने थांबली. ओळ झेलायला कुणी नव्हतं. झेलण्याइतका वेळ जाऊ दिला आणि दुसरी ओळ सांगितली. पुन्हा थांबली. काचेमागून साहेब हात हलवू लागला, साहेब हलवतो म्हणून भटूही हलवू लागला. रुक्मिणीबाईला वाटलं, वाहवा चाललीय. पुन्हा केलं तरी तेच. न थांबता म्हणायला सांगितलं तर तिला पुढची ओळच आठवेना. शेवटी साहेबाने घड्याळ पाहिलं, म्हणाला, "राहू द्या, त्याला एक ग्रामीण ढंग आहे." शहरातल्या माणसाला एखादी गोष्ट दुरुस्त करायचा कंटाळा आला, की तिला ढंग म्हणतात.

रेकॉर्ड गावात आली तेव्हा भटूच्या ओट्यावर सगळं कोरीट जमलं. एका बाजूला कानबाई देवीचं गाणं, दुसऱ्या बाजूला लोटनचं. दोन्ही बाजू वाजल्या. आणि मग रसिकांनी तोंड उघडलं.

पुढे बसलेल्या दोधूचं मत पडलं, मशीन बिघडलंय. गाणं मध्येच बंद पडतं आणि आपोआप सुरू होतं, हे तेल संपल्याचं लक्षण. भटूने सगळ्यांसमोर मशीन उघडून तेल घातलं. रेकॉर्ड तशीच थांबत थांबत वाजली. तेव्हा दोधूने मत बदललं, बाई बिघडलीय. "धाप लागी ऱ्हायनी तिले. वय व्हई गयं."

करमसिंग गुरुजी शाळेतले, त्यांना असं बोलून चालत नव्हतं. ते म्हणाले, "या शांततेतच खरी विरहाची व्याकुळता आहे. ती ऐकावी लागते." त्यांच्यासाठी पुन्हा लावली. तिसऱ्या शांततेत गुरुजींची मान छातीवर टेकली. चौथ्या शांततेत घोरण्याने ती भरून निघाली.

बायांचं दुःख निराळं. शांतीबाई म्हणाली, "लोटन जित्ता व्हता तं त्याले येळवर चहा नही भेटे. आते त्याना नावना गाणा!" हे खरं होतं, म्हणून सगळ्या हसल्या. आणि कुणीतरी सगळ्यांच्या मनातलं बोललं, "गाळी कोठे शे?" एवढी रेकॉर्ड काळी, गोल, चकचकीत, मुंबईहून आलेली, आणि तिच्यात एकाही माणसाला एकही शिवी नाही! काहींना तर फसवल्यासारखं वाटलं. ज्यांनी पूर्वी रुक्मिणीबाईची गाणी गाऊन स्वतःच्या व्याह्यांना घायाळ केलं होतं, त्यांनीच आता ठरवलं की पूर्वीची रुक्मिणीबाई राहिली नाही. पूर्वीच्या रुक्मिणीबाईला त्या काय म्हणत होत्या हे रुक्मिणीबाईला चांगलं आठवत होतं. म्हणत होत्या, तोंडाळ.

ती भिंतीपलीकडे ज्वारी पाखडत हे सगळं ऐकत होती आणि आपल्याला काही फरक पडत नाही असं सुपाला दाखवत होती. पण खरं सांगायचं तर या कुणाच्याच मताची तिला पर्वा नव्हती. तिला एकच मत हवं होतं. मीनाबाई त्या दिवशी ओट्यावर आली होती, दोन्ही बाजू ऐकून एक अक्षर न बोलता उठून गेली होती. ती आता पाण्याला वेगळ्या वेळेला जायची. समोर आलीच तर घागरीत बघायची. त्या घागरीत काय आहे हे रुक्मिणीबाईला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना.

पुढे लग्नसराई आली आणि खरी गंमत सुरू झाली. रुक्मिणीबाईला कुणी बोलावेना. बोलवायचं कशाला? भटू तिला पेटीत घालून घेऊन यायचा. पेटीतली रुक्मिणीबाई चहा मागत नाही, जागेवरून भांडत नाही, बुंदी कच्ची म्हणत नाही. रेकॉर्ड चांगली नाही यावर गावाचं एकमत होतं, आणि प्रत्येक लग्नात ती लावायची यावरही होतं. खरी रुक्मिणीबाई आपल्या ओट्यावर बसून पलीकडच्या गल्लीतला स्वतःचा आवाज ऐकायची. एकटा आवाज हवा होता ना, घे म्हणावं.

वैशाखात गावातल्या भिकनच्या पोरीचं लग्न आलं. मुलगा खापरच्या हिलालचा. मीनाबाई नवरदेवाची आत्या, म्हणून ती त्या दिवशी कोरीटची सून असूनही वऱ्हाडात जाऊन बसली.

भर दुपारी पंगत बसली. पत्रावळींवर लाडू पडले. हिलालने मिशीवरून हात फिरवला आणि तो गाळीची वाट बघत बसला. तेवढ्यात भटूने कर्ण्यातून रेकॉर्ड लावली, कानबाईची बाजू. वऱ्हाड ऐकत राहिलं. गाणं संपलं. हिलालने हात पत्रावळीच्या वर आडवा धरला.

"आम्हले कोनी गाळी दिन्ही नही," तो म्हणाला. "देवनं गाणं लावी दिन्हं! आम्ही काय मयतले उनूत?"

हिलालचा हात थांबला म्हणून शेजारचा थांबला, मग ओळच्या ओळ थांबली. सगळं वऱ्हाड लाडवांकडे बघत रुसून बसलं. भिकनच्या घरच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. गाळी द्यायला तयार सगळ्या होत्या, पण सांगणार कोण?

भिकन धावत रुक्मिणीबाईच्या ओट्यावर आला. धोतर एका हातात धरलेलं.

"रुक्मिणीमाय, चल लवकर. हिलाल याही जेवत नही."

"मी कसाले?" रुक्मिणीबाई म्हणाली. "मी तठेच शे ना, पेटीम्हा."

भिकन हात जोडू लागला. रुक्मिणीबाईने त्याला आणखी थोडं जोडू दिलं. एवढ्या महिन्यांचा राग होता, तो काही फुकट जाऊ द्यायचा नव्हता.

इकडे मांडवात भटू घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला जे हाताशी असतं तेच सुचतं. त्याने रेकॉर्ड उलटी केली.

कर्ण्यातून आवाज आला, गल्ली ओलांडून ओट्यापर्यंत. गाडी दारम्हा उभी शे, मन्हा धनी कोठे गया.

रुक्मिणीबाईने तोंड फिरवलं. या ओळीनंतर ती मोकळी जागा येणार होती, जिच्यात दोधूला तेल कमी दिसलं होतं आणि गुरुजी झोपले होते. आता तर खापरची माणसं, रुसलेली. आता तिच्यात ते काय भरतील कुणास ठाऊक.

जागा आली, आणि तिच्यात मीनाबाई होती.

कर्ण्याशिवायचा, म्हातारा, किंचित फाटका आवाज, पण ओळ जमिनीवर पडायच्या आत उचललेली. मन्हा धनी कोठे गया. कर्ण्याने दुसरी ओळ सांगितली, मीनाबाईने तीही झेलली. तिसऱ्या ओळीला खापरच्या बाया तिच्यामागे होत्या, आणि चौथीला मुलीकडच्याही. ज्या शांतीबाईला ते गाणं मुळीच आवडलं नव्हतं, तिला ते शब्दन् शब्द पाठ होतं. सगळ्यांनाच होतं. नावं ठेवता ठेवता पाठ झालं होतं.

रुक्मिणीबाई ओट्यावर उभी राहून रडली. मुंबईला गाद्यांच्या खोलीत तिला हेच गाणं म्हणताना रडू आलं नव्हतं. लोटन गेल्यापासून असं मोकळं रडणं तिला जमलं नव्हतं. भिकन बिचारा धोतर धरून तिथेच उभा, त्याला वाटलं आपण काही चुकीचं बोललो.

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि इतक्या झपाट्याने निघाली, की भिकनला मागे धावावं लागलं.

मांडवात गाणं संपलं होतं. सुई खरखरत होती आणि भटूला ती उचलायचं सुचत नव्हतं. हिलालचा हात अजून पत्रावळीवर आडवाच होता, पण डोळे पाणावले होते. त्यामुळे तो आणखीच रागावला होता, कारण लाडू अख्खे आणि डोळे ओले असा मान त्याला नको होता.

रुक्मिणीबाई व्याह्याकडे गेलीच नाही. सरळ वऱ्हाडाच्या बायांत घुसली आणि मीनाबाईपुढे जाऊन उभी राहिली. सगळा मांडव बघत होता.

"मंग?" ती म्हणाली. "कशी वाटनी रेकॉर्ड?"

मीनाबाईने नाक पुसलं. घाई केली नाही. तिच्याकडे एवढे महिने राखून ठेवलेलं मत होतं.

"गाणा ठीकठाक शे," ती म्हणाली. "पन तू जठे जठे थांबनी ना, तठे बरी वाटनी."

रुक्मिणीबाईने मान हलवली. मग हिलालकडे वळून तिने त्याच्या मिशीवरची पहिली ओळ सांगितली आणि थांबली.