दुधाच्या कॅनमधली देवी

आमच्या घरी एकदा देवी आली आणि मी तिला दुधाच्या कॅनमध्ये कोंडलं.

दुष्काळाचं साल. जनावरं सगळी चारा छावणीत. गाव असं मुकं झालेलं, की रिकाम्या दावणीकडं बघताना अंगावर काटा यायचा. आमची सून रेखा चौसाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं त्या सकाळी पोरांना घेऊन भलामोठा पांढरा फुगा आभाळात सोडला होता. त्याला लोट्याएवढा डबा, डब्यात कॅमेरा आणि आगपेटीएवढा रेडिओ. डबा कुठंही पडो, रेडिओ आपला पत्ता सांगत राहणार. "प्यायला पानी न्हाई आन् मास्तरीण फुगे उडवती," असं गाव म्हणून मोकळं झालं होतं. डबा हरवला असता तर पोरीला तोंड दाखवायला जागा नव्हती.

दुपारी मी अंगणात एकटी. वारा ठार पडलेला. अन् त्या कोऱ्या आभाळातून एक केशरी कापड, घर हुडकत आल्यासारखं, हळूहळू उतरलं आणि माझ्या तुळशीपुढं टेकलं. खाली पांढरं काहीतरी. त्यात एक लाल डोळा. उघडायचा, मिटायचा.

(फुगा वर जाऊन फुटतो आणि डबा छत्रीला लटकून खाली येतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी फुग्याची वाट बघत होते.)

शेजारची कौसाबाई हात जोडूनच आली. "अक्का, दारात आलीया ती. वटी भर."

मी पार वाकून तोंडाशी तोंड नेलं आणि हळदीकुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ, सगळं केलं. पण देवीला उघड्यावर कसं ठेवायचं? घरात घट्ट झाकणाचं भांडं एकच, सोसायटीच्या डेअरीचा कॅन. दूधच नव्हतं, तो लख्ख घासून ठेवलेला. देवी ओटीसकट आत. झाकण दाबून लावलं.

दिवेलागणीला रेखा आली. हातात एरियल, चेहरा पार उतरलेला, यंत्रात नुसती खरखर.

"आत्या, शेवटचा पत्ता आपल्याच अंगणाचा हाय. मग येकदम गप झालं. कुणी गिळल्यावानी."

मी मनात म्हटलं, पोरीनं आभाळात हात घातला म्हणून ही आली, आणि येताना रेडिओ खाऊन आली! माफी मागावी म्हणून मी उदबत्ती घेऊन आत गेले, झाकण काढलं, तर बाहेर रेखाच्या हातातलं यंत्र किंचाळलं. घाबरून झाकण लावलं. गप. पुन्हा काढलं. पुन्हा किंचाळी. तीनदा असं झालं, तोवर रेखा दारात उभी.

"आत्या," ती अगदी हळू म्हणाली, "झाकण उघडंच ऱ्हाऊ द्या. पत्र्यातून रेडिओचा आवाज भाईर येत न्हाई."

तांदळातून डबा निघाला. फोटो शाबूत होते. मग शाळेत सगळं गाव पडद्यासमोर बसलं. वरचं काळंकुट्ट आभाळ, पृथ्वीची वाकलेली कड, सगळं पोरांनी डोळे विस्फारून पाहिलं. कुणी भ्यालं नाही. मग शेवटचा फोटो आला. पडदाभर मी, कुंकवाचं बोट पुढं करून वाकलेली.

पहिलीतली पोरं रडत बाहेर पळाली.