लोण्याचं तूप आणि सईची बॅच

गेल्या रविवारी लातूरला लेकीच्या क्लासमध्ये गेले होते, हातात बेरीचा डबा घेऊन... राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

झालं असं, की माझ्या आठवीतल्या सईच्या टेस्टमध्ये प्रश्न होता : लोणी कढवून तूप करणे, हा बदल भौतिक की रासायनिक? तिने रासायनिक लिहिलं. क्लासच्या उत्तरसूचीत भौतिक. तेवढ्या मार्कावर तिची वरची बॅच अडकली.

आधी वाटलं, आपलंच चुकत असेल. लोणी नुसतं वितळलं तर बदल भौतिकच, हे मलाही मान्य. आणि परत पहिल्यासारखं होत नाही म्हणून रासायनिक, असंही नसतं... चिरलेला कांदा कुठे जुळतो? म्हणून शनिवारी दोघींनी लोणी कढवलं. ते वितळलं, मग त्यातलं पाणी तडतडत उडून गेलं. इथपर्यंत क्लासचं बरोबर. पण पुढे तळाची बेरी तांबूस झाली, घरभर खमंग वास सुटला. तो रंग, तो वास लोण्यात नव्हताच. काहीतरी नवीन तयार झालं होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. डब्यातली चिमूटभर बेरी तोंडात टाकली. "मस्त झालीय, ताई. साखर घालून द्या लेकराला."

मग हसून म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पण सूची वरून येते. कशाला एवढं खोलात जायलात? मंगळवारी फेरपरीक्षा हाय, हाच प्रश्न येणार. भौतिक लिही म्हणा, बॅच पक्की."

बरोबर आहे म्हणे! कळतंय, तरी पोरांना चुकीचं लिहायला लावायचं...

दाराशी उभी राहून सगळं ऐकलेल्या सईने स्कूटीवर बसताना विचारलं, "आई, मग काय लिहू?"

आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्या बॅचसाठी वर्षभर केलेली धडपड डोळ्यांसमोर आली... सरांपेक्षा जास्त राग मला त्या गप्प बसण्याचा आला.

"राहू दे," तीच म्हणाली. "मी रासायनिकच लिहिणार. बेरी मी स्वतः हलवलीय ना, मग भौतिक कसं लिहू?"

आज निकाल लागला. सई खालच्या बॅचमध्ये गेली. थोडी रडली, मग जेवली.

संताप तसाच आहे, आणि उद्या क्लासला लेखी तक्रार देणार आहे. पण आई अडखळली तिथे लेक अडखळली नाही... याबद्दल मी तिची मनापासून ऋणी आहे.