भट्टीत वाळवलेला ट्रान्सफॉर्मर

ट्रान्समीटर गेला तेव्हा मी वाक्याच्या मधोमध होते. काका डेहराडूनला, मी भिवंडीत, आणि दोघांच्या मध्ये फक्त मोर्सची टकटक. ते नवीन घराचा पत्ता सांगणार होते. ‘थांबा, पेन्सिल घेते’ असं मी पाठवत होते, तेवढ्यात पेटीच्या आत ‘चट्’ असा आवाज झाला, मीटरचा काटा शून्यावर पडला आणि खोलीभर करपलेल्या गुळासारखा वास पसरला.

काका माझ्या नात्यातले नव्हते. आयुष्यभर जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून नोकरी करून ते कशेळीला खाडीजवळ राहायला आले होते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. त्यांच्या बंद फोनची तक्रार मी घेतली, तेव्हापासूनची ओळख. फोन दुरुस्त झाला तरी त्यांचं बोलणं काही थांबलं नाही. “दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांना जोडून देतेस, कधी स्वतः बोल की जगाशी,” म्हणाले. त्यांनी मला मोर्स शिकवलं, हौशी रेडिओच्या परीक्षेला बसवलं आणि लायसन्स आल्यावर माझ्याकडून ट्रान्समीटर बांधून घेतला. पत्र्याची पेटी, त्यात एक दणकट काचेचा व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हला हवं असलेलं मोठं व्होल्टेज तयार करणारा वीतभर ट्रान्सफॉर्मर. मावशी, म्हणजे त्यांची बायको, वारल्यावर काकांची मुलगी त्यांना डेहराडूनला घेऊन गेली. तिथून ते दर रविवारी सकाळी मला बोलवत. विहारातली वंदना आटोपून मी थेट सेटसमोर येऊन बसायची.

आमच्या यजमानांचं मोटार भरायचं दुकान होतं. पॉवरलूमच्या जळालेल्या मोटारी यायच्या, हे आतली जुनी तार उपसून नवी भरायचे. त्या रविवारी वास घेऊनच त्यांनी सांगितलं, “ट्रान्सफॉर्मर गेला तुझा. मोटारीपरीस सोपा हाय. भरून देतो.”

दिलाही. मोटारीची कॉइल भरतात तशी भराभर तार गुंडाळली, वर वार्निश मारलं. मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह लालसर उजळला. मोर्सची कळ दाबली आणि पुन्हा तोच आवाज, तोच वास.

“आता काय झालं गं?” हे म्हणाले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांनी भरलेली मोटार परत आल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

रिसीव्हर वेगळा होता, त्याचा वीजपुरवठाही वेगळा. त्यामुळे ऐकू सगळं यायचं. पुढच्या रविवारी ठरल्या वेळी काकांची टकटक सुरू झाली. त्यांचा हात मी हजारांत ओळखला असता, प्रत्येक लांब टोला जरासा ओढून घेणारा. ते माझी कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं माझं नाव, पाठवत, थांबत, परत पाठवत.

“काय म्हणतात?” ह्यांनी विचारलं.

“मला हाका मारताहेत.”

“मग?”

“मग काय? मी ऐकतेय.”

बराच वेळ हाका चालल्या, मग बंद झाल्या. त्यांच्या जुन्या पत्त्यावर मी पत्र टाकलं होतं, पण घर तर बदललं होतं, आणि नव्या घरी फोन आला नव्हता. ओळखीचा दुसरा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, कल्याणला होता, त्याची बदली झालेली. दुसरा मार्ग नव्हता. त्या माणसाला वाटत असेल, कशेळी सुटली तशी ही पोरही सुटली. हे मला सहन होईना.

सोमवारी एक्स्चेंजची ड्युटी संपवून मी थेट दुकानात गेले. “अहो, आपण तो जळालेला नीट उकलून बघूया. नुसता भरायचा नाही, बघायचा.”

मोटारी बाजूला ठेवून ह्यांनी ट्रान्सफॉर्मर घेतला. लोखंडी पत्त्या एकेक करून काढल्या आणि आम्ही तार थराथरानं उकलत गेलो. जिथं काळा डाग सापडला ती जागा मधे कुठंच नव्हती. होती अगदी कडेला. वरच्या थराचा शेवटचा वेढा घसरून खालच्या थरावर जाऊन बसला होता. मोटारीत शेजारशेजारच्या तारांत व्होल्टेजचा एवढा फरक नसतो, म्हणून तिथं चालून जातं. इथं मात्र खालच्या आणि वरच्या थरात मोठा फरक, आणि मधे नुसतं तारेवरचं पातळ इनॅमल. त्यात भिवंडीची हवा. लूमची रुई घरातल्या डाळतांदळात जाते, तिथं पेटीत जाणार नाही? ती रुई पावसाळ्यात ओल धरते. आणि लाइट जाऊन आली की व्होल्टेज असं उसळी मारून यायचं की घरातले बल्ब डोळे वटारत.

“म्हणजे कागद पायजे,” हे म्हणाले. “प्रत्येक थरावर.”

“आणि तार कडेपर्यंत न्यायची नाही. दोन्ही बाजूंना जागा सोडायची.”

“सोडली तरी घसरंल. कागदाच्या बाजूनं फट राहतेच.”

मी कागदाची पट्टी हातात घेऊन बसले होते. बसल्या बसल्या कात्रीनं तिची कड कातरायला लागले, जयंतीच्या पताका करताना कातरतो तशी. ह्यांनी माझ्या हातातून पट्टी घेतली, तार गुंडाळायच्या बॉबिनवर बसवली. कातरलेली झालर बॉबिनच्या भिंतीवर उभी राहिली आणि कोपऱ्यातली फट झाकली गेली. वरची तार आता खाली जाणार कुठून?

“आता बघ कसा भरतो ते,” हे म्हणाले.

त्या आठवड्यात दुकानातल्या मोटारी जरा रखडल्या. कारखानदार येऊन ओरडून जायचे. हे हँडल फिरवत, मी तार बोटांच्या चिमटीतून सोडत जाई. थर पूर्ण झाला की झालरीचा कागद, मग पुढचा थर. मेन लाइनची वाइंडिंग आणि मोठ्या व्होल्टेजची वाइंडिंग ह्यांच्या मधे आम्ही वार्निशात मुरवलेलं पिवळं कापड घातलं, एकावर एक, हात आखडता न घेता. भरून झालेली कॉइल इतकी देखणी दिसत होती की पत्त्या घालून ती झाकावी असं वाटेना.

पण ह्यांनी मेगर लावला. मेगर म्हणजे हँडल फिरवून इन्सुलेशन तपासायचं यंत्र. काटा जितका वर जाईल तितकं इन्सुलेशन चांगलं. काटा हलला, थोडा चढला आणि आळशासारखा तिथंच बसला.

“कागदानं ओल धरलीय,” हे म्हणाले. “आताच वार्निश मारलं तर ती आतच कोंडंल.”

मोटारी वाळवायला दुकानात बल्ब लावलेली पेटी होती. पण भर पावसाळ्यात इतक्या जाड कॉइलच्या पोटातली ओल त्यानं निघणार नव्हती. दुकानाला लागून बेकरी होती. पाव काढल्यावर तिची भट्टी पुढच्या घाण्यापर्यंत नुसती गरम पडून असे. कॉइल फडक्यात गुंडाळून मी बेकरीवाल्या चाचांकडे गेले.

त्यांनी फडकं उघडून पाहिलं. “भाभी, मेरी भट्टी में पाव पकता है. ये क्या है?”

“रेडिओ का ट्रान्सफॉर्मर, चाचा. पकाना नहीं, सुखाना है. वार्निश नहीं लगाया, बास नहीं आएगी.”

“जल गया तो मुझे मत बोलना.”

आधी कागदाचा एक कपटा आत ठेवला. तो तांबूस झाला. आम्ही थांबलो. दुसरा कपटा ठेवला, तोही कडेनं पिवळा पडला. तिसरा जसाच्या तसा पांढरा बाहेर आला, तेव्हा चाचांनी पाव काढायच्या लांब दांड्याच्या फळीवर कॉइल ठेवली आणि हलक्या हातानं आत सरकवली. संध्याकाळच्या पावांची कणीक मळून होईपर्यंत ती आत होती. बाहेर काढल्याबरोबर हे ती जाड फडक्यात धरून धावत दुकानात आले आणि गरमागरम वार्निशच्या डब्यात बुडवली. डब्यातून बुडबुडे यायला लागले. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं डब्यावर वाकून बघत बसलो. मग निथळून ती बल्बच्या पेटीत ठेवली आणि चांगली कडक होऊ दिली.

पत्त्या घालून झाल्यावर पुन्हा मेगर. ह्यांनी हँडल फिरवलं. काटा उठला आणि थेट शेवटाला, अनंताच्या खुणेवर जाऊन टेकला. हे हँडल फिरवतच राहिले.

“अहो, पुरे.”

“बघू दे गं,” म्हणाले. “पोटभर बघू दे.”

शनिवारी ट्रान्सफॉर्मर पेटीत बसवला. रुई आत जाऊ नये म्हणून पेटीच्या भोकांवर मलमल शिवली. रविवारी वंदनेहून आले तर हे आधीच सेटपुढं स्टूल टाकून बसलेले, आणि दारात चाचा. मी सेट लावला. कळ दाबली. आवाज नाही, वास नाही. मीटरचा काटा पाहिजे तिथं ठाम उभा.

पण काकांची हाक येत नव्हती. ठरलेली वेळ झाली, उलटली. हे माझ्याकडे बघायला लागले. आज त्यांनी हाक मारलीच नाही तर? मग मीच त्यांची कॉल साइन पाठवली. थांबले. नुसती खरखर. परत पाठवली. खरखरीतून एक टोला आला, ओढून घेतलेला.

ते होते. गेल्या रविवारी हाका मारून थकले होते, आज नुसते कान देऊन बसले होते. पहिलं वाक्य आलं, ‘पोरी, कुठं होतीस?’

‘ट्रान्सफॉर्मर जळाला होता.’

‘नवा कुठून आणलास?’

‘आणला नाही. घरीच भरला. दोघांनी.’

सावकाश, एकेक अक्षर सुटं करून त्यांनी ‘शाब्बास’ पाठवलं. आणि लगेच दुसऱ्यांदा पाठवलं. “दुसरं तुमच्यासाठी आहे,” मी ह्यांना सांगितलं. हे उठून खिडकीपाशी गेले आणि उगाच बाहेर बघत राहिले. काही न कळताही चाचांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी बेकरीतून नानकटाई आली.

काकांनी ही गोष्ट रेडिओवर इतक्या जणांना सांगितली की पुढच्या वर्षांत दुकानात मोटारींच्या रांगेत हॅम लोकांचे मेलेले ट्रान्सफॉर्मर दिसायला लागले. कोणी गोधडीत गुंडाळून एस.टी.नं आणायचे, कोणी पार्सलनं पाठवायचे. ओल आणि झटका ह्या दोन दुखण्यांवर आमचा हात बसला. भरून दिलेला एकही ट्रान्सफॉर्मर जळून परत आला नाही, हे मी आजही छाती पुढं काढून सांगते.

नव्वद साल उलटल्यावर ह्यांनीही परीक्षा दिली आणि पास झाले. रीतसर परवानगी काढून पहिला सेट लावला तो दिघाशीला, स्वतःच्या गावी. गावात व्होल्टेज इतकं कमी की बल्ब निखाऱ्यासारखा दिसायचा. म्हणून त्यांनी जागोजागी तारेची टोकं बाहेर काढलेला ट्रान्सफॉर्मर भरला. व्होल्टेज उतरलं की जोडणी दुसऱ्या टोकाला लावायची, ट्रान्समीटरला पत्ताही लागायचा नाही. मी भिवंडीत सेटपुढं बसले होते. त्यांचा आवाज आला, खणखणीत, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

“वरून तिसऱ्या टोकाला जोडलाय. मघापासून चालू हाय. हात लावून बघितलं, जेमतेम कोमट हाय. ओव्हर.”

त्यांचा माइक अजून चालूच होता. मागून सासूबाई ओरडल्या, “अरं, ती जेवली का न्हाय, ते आधी इचार!”